ॲल्युमिनियमची होडी आणि तांब्याचा रंग

वैभववाडी तालुका सिंधुदुर्ग जिल्ह्यात असला तरी त्याला समुद्र नाही. करूळ आणि भुईबावडा या दोन घाटांच्या पायथ्याचा हा डोंगराळ मुलूख. पण येथून खारेपाटण जवळ, आणि खारेपाटणापासून पुढे विजयदुर्गची खाडी सुरू होते. त्यामुळे डोंगरातल्या माणसाचाही होडीशी संबंध येतो. माझ्या मामांचा असाच आला.

सुमारे वीस वर्षांपूर्वी मामांनी एका लिलावात निघालेली ॲल्युमिनियमची जुनी होडी स्वस्तात घेतली. लाकडी होडीपेक्षा ती बरीच हलकी होती. चार माणसे सहज उचलून किनाऱ्यावर घेत. तिच्या रंगाचे पोपडे निघाले होते. खरवडताना खाली आणखी एक थर दिसला. तो सुकलेल्या गवताच्या रंगाचा, अगदी मंद, चमक नसलेला होता. गावातल्या एका वृद्ध गृहस्थांनी तो पाहताच सांगितले, “ही बदकांच्या शिकारीची बोट. असा रंग दुसऱ्या कशाला कोण देतो?”

मी त्या वेळी रसायनशास्त्रात डॉक्टरेटचे काम करीत होतो. घरातला शिकलेला भाचा म्हणून रंगाचा सल्ला माझ्याकडे आला. खाडीच्या पाण्यात होडीच्या बुडाला शंख, शिंपले आणि शेवाळ चिकटते. तांबे या जीवांना मारक असते, हे मला पाठ होते. मी मोठ्या दिमाखात सांगितले, “बुडाला तांबेयुक्त रंग द्या.” बंदरावर लाकडी मासेमारी नौकांसाठी तो मिळत असे. मामांनी तो आणला आणि दोन हात दिले.

पुढच्या पावसाळ्याआधीच मामा नातवाला घेऊन खाडी ओलांडत असताना होडीत पाणी येऊ लागले. अंतर थोडे होते म्हणून दोघे काठाला लागले. होडी उलटी करून पाहिली तेव्हा बुडावर ठिकठिकाणी पांढरी भुकटी साचली होती आणि तिच्याखाली टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे होते. त्यांपैकी काही आरपार गेले होते. मामा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “भाच्या, होडयेक देवी इल्यो रे.”

तांबे आणि ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकत्र आले की काय होते, हे मला माहीत नव्हते असे नाही. विद्युतघटाच्या प्रकरणात ते मी शिकलो होतो आणि विद्यार्थ्यांना शिकवीतही होतो. पण ते ज्ञान प्रयोगशाळेतल्या चंचुपात्रात राहिले होते, होडीपर्यंत पोचले नव्हते. नंतर मी या विषयाचा इतिहास वाचला, आणि माझीच चूक गेल्या दोन-अडीचशे वर्षांत मोठमोठ्या लोकांनी कशी पुनःपुन्हा केली ते पाहून थक्क झालो. तो इतिहास वर्गात सांगण्याजोगा आहे.

लाकडाचे शत्रू

होडीचे बूड सांभाळण्याचा प्रश्न फार जुना आहे. लाकडी होडीला दोन प्रकारचे उपद्रव होतात. एक, बाहेरून चिकटणारे जीव. त्यांच्यामुळे होडी जड होते आणि तिचा वेग घटतो. दुसरा, आतून पोखरणारा जहाज-किडा. त्याला किडा म्हणत असले तरी तो शिंपल्याच्या वर्गातला मऊ अंगाचा प्राणी आहे. आपल्या शिंपल्याच्या दोन तुकड्यांनी तो लाकूड कुरतडत आत शिरतो. वरून धड दिसणारी फळी आतून चाळणीसारखी होते.

कोकणातील लोकांनी यावर आपल्या परीने उपाय शोधले होते. भरतीच्या पाण्यावर होडी ओढून घ्यायची, बूड खरवडून घासायचे, उन्हात वाळवायचे आणि तेल पाजायचे. त्यासाठी माशांचे तेल वापरीत. पुढे काजूच्या टरफलाचे तेलही वापरात आले. काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून आपल्या किनाऱ्यावर आणले. टरफलातल्या ज्या तेलाने हात भाजतात तेच लाकडाला कीड लागू देत नाही. याशिवाय चुना आणि तेल किंवा चरबी यांचा लेप बुडाला देण्याची पद्धत भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर होती.

विजयदुर्गजवळ गिर्ये येथे आंग्र्यांच्या काळातील गोदीचे अवशेष आजही दिसतात. भरतीच्या वेळी जहाज आत घ्यायचे आणि पाणी ओसरल्यावर त्याची डागडुजी करायची, अशी ती रचना. १७५६ च्या फेब्रुवारीत पेशवे आणि इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत तुळाजी आंग्र्यांचे आरमार विजयदुर्गाच्या पाण्यात जळाले. ही जहाजे राखण्याची विद्या ज्यांच्या हाती होती त्या कारागिरांची नावे इतिहासात राहिली नाहीत. त्यांचे ज्ञान हाताकडून हाताकडे जाणारे होते, कागदावरचे नव्हते.

तांब्याचा पत्रा आणि तपकिरी कागद

त्यानंतर पाच वर्षांनी, १७६१ मध्ये, ब्रिटिश नौदलाने एक महत्त्वाचा प्रयोग केला. ‘अलार्म’ नावाच्या युद्धनौकेच्या बुडाला तांब्याचा पातळ पत्रा ठोकून तिला वेस्ट इंडीजकडे पाठविले. ती परत आल्यावर १७६३ मध्ये तपासणी झाली. जहाज-किडा फळ्यांत शिरला नव्हता आणि बूड स्वच्छ होते. पण ज्या लोखंडी खिळ्यांनी आणि कड्यांनी जहाज जोडले होते, ते तांब्याला लागून असतील तेथे गंजून पार गेले होते.

तपासणी करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट दिसली. तांब्याचे पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद काही ठिकाणी पत्र्याखाली तसाच राहिला होता. तेथील लोखंड शाबूत होते! तांबे आणि लोखंड यांचा स्पर्श टाळला की गंज टळतो, हा निष्कर्ष त्यांनी बरोबर काढला. त्या वेळी गॅल्व्हानीचा बेडकाच्या पायाचा प्रयोग प्रसिद्ध व्हायला तीस वर्षे आणि व्होल्टाचा घट तयार व्हायला जवळजवळ चाळीस वर्षे बाकी होती. म्हणजे कारण कळण्याआधी उपाय कळला होता.

तरीही लोखंडी खिळे असलेल्या जहाजांना तांब्याचे पत्रे ठोकणे चालूच राहिले. मधे कागद किंवा लेप घालून भागेल, असे वाटत होते. ते पुरेसे ठरले नाही. शेवटी १७८० च्या दशकात लोखंडाऐवजी तांब्याच्या संमिश्राचे खिळे वापरात आले आणि प्रश्न सुटला.

डेव्हींचे यश आणि अपयश

१८२४ मध्ये सर हम्फ्री डेव्ही यांनी उलट बाजूने विचार केला. तांब्याचा पत्राही समुद्रात हळूहळू झिजतो. दोन धातू एकत्र आले की एक झिजतो आणि दुसरा वाचतो, हे तोपर्यंत कळले होते. मग तांब्याला वाचविण्यासाठी जस्ताचा किंवा लोखंडाचा छोटा तुकडा मुद्दाम जोडला तर? तुकडा झिजेल, तांबे वाचेल. मदतीला तरुण मायकेल फॅरडे होते. लहान प्रमाणावर प्रयोग उत्तम यशस्वी झाले. तांब्याच्या क्षेत्रफळाच्या अगदी थोड्या भागाएवढा जस्ताचा तुकडाही पुरत होता.

मग ‘समरंग’ या जहाजावर लोखंडाचे रक्षक तुकडे बसविले. हे जहाज १८२२ मध्ये आपल्या कोचीनला सागवानात बांधलेले होते. ते नोव्हा स्कोशियाला जाऊन आले. तांबे खरोखरच झिजले नव्हते. पण बुडावर शेवाळ आणि शिंपले दाट चिकटले होते!

असे का व्हावे? तांबे झिजताना त्याचे आयन पाण्यात सुटतात, आणि हे आयनच जीवांना मारतात. डेव्हींनी झीज थांबविली, त्याबरोबर विषही थांबले. रसायनशास्त्र बरोबर होते, पण जहाज समुद्रात असते आणि समुद्रात जीव असतात, हे हिशेबात धरलेले नव्हते. नौदलाने हे रक्षक तुकडे काढून टाकले. डेव्हींची कल्पना मात्र वाया गेली नाही. आज पोलादी जहाजांच्या बुडाला आणि जमिनीखालच्या नळांना जस्त, मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियम यांचे ‘बळी’ तुकडे जोडतात, ते याच तत्त्वावर.

डोंगरावरचा धातू

आता ॲल्युमिनियमकडे वळू. वैभववाडीहून घाट चढून गेलो की कोल्हापूर जिल्ह्यातील जांभ्या दगडाची पठारे लागतात. राधानगरी तालुक्यातील दुर्गमानवाडी, चंदगड तालुक्यातील कासारसडा या भागात बॉक्साइट आहे, आणि तेथील खनिज बेळगावच्या कारखान्यात गेले. लक्षावधी वर्षांच्या पावसाने बसाल्ट खडकातील विरघळणारे घटक धुऊन नेले आणि न विरघळणारे लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे ठेवली. ज्या पावसाने कोकणातली माती लाल केली, त्यानेच हा धातू डोंगरमाथ्यावर गोळा केला.

धातू विपुल, पण तो ऑक्सिजनपासून सोडविणे फार अवघड. १८५० च्या दशकात फ्रान्समध्ये देव्हील यांनी तो किलोच्या हिशेबात काढला तरी तो मौल्यवानच राहिला. १८८६ मध्ये अमेरिकेतील हॉल आणि फ्रान्समधील एरू या दोन तरुणांनी, एकमेकांना न ओळखता, विजेच्या साहाय्याने तो स्वस्तात मिळविण्याची रीत शोधली. दोघेही १८६३ मध्ये जन्मले आणि १९१४ मध्ये वारले, हाही एक योगायोग. भारतात १८९८ च्या सुमारास मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी ॲल्युमिनियमची भांडी घडविण्यास सुरुवात केली. कल्हई न लागणारे हलके भांडे म्हणून ते हळूहळू घरोघरी पोचले.

धातू स्वस्त होताच नौका बांधणाऱ्यांना मोह पडला. त्याची घनता लोखंडाच्या सुमारे एक तृतीयांश. १८९१ मध्ये स्वित्झर्लंडच्या एशर व्हिस कंपनीने ॲल्युमिनियमची लहान नौका बांधली. ती गोड्या पाण्यात चालली. १८९४ मध्ये इंग्लंडच्या यारो कारखान्याने फ्रेंच नौदलासाठी ‘फूद्र’ नावाची टॉर्पेडो नौका बांधली. धातूला बळकटी यावी म्हणून त्यात सुमारे ६ टक्के तांबे मिसळले होते. नौका अपेक्षेपेक्षा वेगवान निघाली, पण समुद्राच्या पाण्याने तिचे अंग खाऊन टाकले. तांबे या वेळी बाहेरून ठोकलेले नव्हते, आतच कालवलेले होते.

१८९५ मध्ये अमेरिकेत ‘डिफेंडर’ ही शर्यतीची शिडाची नौका बांधली. पाण्याखाली कासे, पाण्यावर ॲल्युमिनियम, आतल्या फासळ्या पोलादाच्या. तीन धातू आणि खारे पाणी! आपण प्रयोगशाळेत विद्युतघट मांडतो तो याहून वेगळा काय असतो? ‘डिफेंडर’ने त्या वर्षीची अमेरिका चषकाची शर्यत जिंकली. १८९९ मध्ये तिची मोठी डागडुजी करावी लागली आणि १९०१ मध्ये ती मोडीत निघाली. ‘अलार्म’चा अहवाल तोवर सव्वाशे वर्षांहून अधिक जुना झाला होता.

१९३० च्या दशकात ॲल्युमिनियम व मॅग्नेशियम यांची, तांबे नसलेली संमिश्रे नौकांसाठी वापरात आली तेव्हा हा धातू समुद्रात टिकू लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानांच्या कारखान्यांकडे पत्रा होता, कारागीर होते, पण विमानांची मागणी उरली नव्हती. अमेरिकेत ग्रमन या विमान कंपनीने १९४५ पासून ॲल्युमिनियमच्या होड्या काढल्या. मासेमारी करणाऱ्यांनी आणि बदकांच्या शिकाऱ्यांनी अशा होड्या उचलून धरल्या.

गवताचा रंग

शिकाऱ्यांपुढे एक अडचण होती. उघडा ॲल्युमिनियमचा पत्रा उन्हात आरशासारखा चमकतो. बदकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ सर्व दिशांचे दिसते. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात, पक्ष्यांच्या डोळ्यांत चार. जंबुपार किरणांचा काही भागही त्यांना दिसतो. तेव्हा रंग नुसता हिरवा असून भागत नाही, त्याला चमक नको. गुळगुळीत पृष्ठभाग प्रकाश एकाच दिशेला परावर्तित करतो, खरबरीत पृष्ठभाग सर्व दिशांना विखुरतो. पोपड्याखालचा तो मंद रंग याचसाठी होता.

या विषयाचा शास्त्रीय पाया एका चित्रकाराने घातला. अमेरिकेतील ॲबट थेयर यांनी १८९६ मध्ये दाखवून दिले की, बहुतेक प्राण्यांची पाठ गडद आणि पोट फिकट असते ते उगाच नव्हे. वरून पडणारा प्रकाश पाठ उजळतो आणि पोट सावलीत ठेवतो. रंग याच्या उलट असला की दोन्ही एकमेकांना छेद देतात आणि शरीराचा गोलावा दिसेनासा होतो. रताळी रंगवून त्यांनी हे पक्षितज्ज्ञांना प्रत्यक्ष दाखविले. शाळेत हा प्रयोग सहज होतो. पुढे दोन्ही महायुद्धांत जहाजांच्या रंगांसाठी या विचाराचा उपयोग झाला.

आपल्याकडे बदकांची शिकार संस्थानिकांचा आणि इंग्रज अधिकाऱ्यांचा मोठा षोक होता. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी भरतपूरला व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या मेजवानीच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक बंधने आणली आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवाना काढून शिकार करण्याची वाटही बंद केली. आज थापट्या, तलवार बदक, हळदीकुंकू बदक यांच्याजवळ गुपचूप जायचे ते मोजायला. १९८७ पासून आशियात दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते. लपण्याची विद्या तीच. हातातली वस्तू बदलली.

पोपडे का निघतात?

ॲल्युमिनियम हवेत उघडे पडताच त्यावर ऑक्साइडचा थर बसतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या काही दशलक्षांश भागाएवढीच, पण तो घट्ट असतो आणि धातूचे रक्षण करतो. मात्र त्याला रंग नीट धरत नाही. म्हणून आधी तेलकटपणा धुऊन काढावा लागतो, पृष्ठभाग पॉलिश-कागदाने खरबरीत करावा लागतो, आणि लगेच, नवा ऑक्साइड जाड होण्याआधी, धातूला धरून बसणारा अस्तराचा हात द्यावा लागतो. वरचा रंग त्यानंतर. १९३० च्या दशकात विमानांसाठी पिवळसर हिरवे झिंक क्रोमेट अस्तर आले. ते गुणकारी होते, पण त्यातील क्रोमियम कर्करोगकारक असल्याने आता इपॉक्सीची अस्तरे वापरतात.

येथे जुन्या रूढी उपयोगी पडत नाहीत, हेही लक्षात घ्यावे. लाकडाला हितकर असलेला चुन्याचा लेप ॲल्युमिनियमला घातक ठरतो, कारण अल्कलीत ऑक्साइडचा थर विरघळतो. लोखंडाला वाचविणारा शेंदूर येथे नको, कारण त्यात शिसे आहे. लोखंडी काथ्याने घासले तर लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि तेथेच खड्डे पडू लागतात.

आणि तांबेयुक्त रंग? त्यातून तांब्याचे आयन सुटतात, तसे ते सुटावेत म्हणूनच तो रंग असतो. अस्तर नसेल किंवा ओरखडा पडला असेल तेथे हे आयन ॲल्युमिनियमला भेटतात. ॲल्युमिनियम विरघळते आणि त्याच्या जागी तांब्याचा सूक्ष्म कण बसतो. तो कण, शेजारचे ॲल्युमिनियम आणि खाडीचे पाणी मिळून एक चिमुकला घट तयार होतो आणि रात्रंदिवस चालू राहतो. मामांच्या होडीला असे असंख्य घट मी लावून दिले होते.

तांबे नको म्हणून १९६० च्या दशकापासून कथिलाचे एक सेंद्रिय संयुग, ट्रायब्युटिल टिन, रंगांत आले. ते ॲल्युमिनियमला चालत होते. पण फ्रान्सच्या आर्काशाँ उपसागरातील कालवांची पैदास त्याने कोलमडली, आणि कित्येक ठिकाणी शंखांच्या माद्यांना नराची इंद्रिये फुटू लागली. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान नौकांवर त्याला बंदी घातली. २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १७ सप्टेंबर २००८ पासून तो अंमलात आला. डेव्हींनी समुद्रातील जीव विसरून झीज थांबविली होती. या वेळी जीव मारताना ते किती दूरपर्यंत मरतील हे विसरले गेले.

वर्गात करून पाहा

चार काचेचे पेले घ्या. प्रत्येकात एक लिटरला ३५ ग्रॅम या प्रमाणात केलेले मिठाचे पाणी ओता. समुद्राचे पाणी साधारण एवढेच खारट असते. जुन्या भांड्याच्या ॲल्युमिनियम पत्र्याच्या चार पट्ट्या पॉलिश-कागदाने घासून घ्या. पहिल्या पेल्यात नुसती पट्टी ठेवा. दुसऱ्यात पट्टीला उघडी तांब्याची तार घट्ट गुंडाळा. तिसऱ्यात तीच तार, पण तिच्यावरचे प्लॅस्टिकचे वेष्टन न काढता आणि दोन्ही टोके मेणाने बंद करून. हा आपला तपकिरी कागद. चौथ्यात पट्टीला टॉर्चच्या जुन्या सेलचा जस्ताचा तुकडा बांधा. सेल शिक्षकांनीच सोडवावा आणि जस्त धुऊन घ्यावे. दोन-तीन आठवडे रोज निरीक्षण करून वहीत नोंद करायला सांगा. पांढरा साका प्रथम कोठे दिसतो, पट्टी कोठे टोचली जाते, जस्ताचे काय होते, हे मुलांनीच शोधावे.

प्रयोग संपल्यावर त्यांना ‘अलार्म’ची आणि ‘डिफेंडर’ची गोष्ट सांगा. विद्युतघटाचे प्रकरण आपण परीक्षेसाठी शिकवितो, मुले ते पाठ करतात आणि गुणही मिळवितात. मीही मिळविले होते. पण पाठ केलेले ज्ञान गरजेच्या वेळी आपोआप हाताशी येत नाही. ते कोणाच्या तरी बुडणाऱ्या जहाजाला, फुटलेल्या भांड्याला, गंजलेल्या खिळ्याला बांधलेले असले, तरच येते.

मामांची होडी पुढे पत्र्याचे तुकडे जोडून दुरुस्त केली. तुकडे बसवायला कारागिराने तांब्याचे रिव्हेट काढले, तेव्हा मी धावत जाऊन त्याचा हात धरला. होडीला इपॉक्सीचे अस्तर दिले, बुडाला जस्ताचा तुकडा बांधला, आणि वर पुन्हा तोच सुकलेल्या गवताचा मंद रंग. तांबे कोठेही नाही. बुडावर शिंपले चिकटतात. मामा दर महिन्याला होडी उलटी करून ते खरवडून काढतात, जसे त्यांच्या आधीचे लोक काढीत आले.